खाराचं पाणी

अक्कांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर ते मनगटावरच्या पट्टीचं. वडिलांचं ऐकलं नाही. नवऱ्याचं ऐकायला लागू नये म्हणून लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माहेरी परत आल्या त्या आल्याच. माझं ऐकायचा तर प्रश्नच नव्हता, मी पडले धाकट्या भावाची बायको. पण पट्टी म्हणाली, "अक्का, पाणी पी ना गं," की हातातलं काम टाकून तांब्या तोंडाला.

कारण पट्टीचा आवाज ऋजुताचा होता.

ऋजुता माझी मुलगी. जन्म मी दिला, बाकीचं सगळं अक्कांनी केलं. न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, तिच्या वतीनं माझ्याशी भांडणं. आता ती हैदराबादला असते. आरोग्य केंद्रातून साठीच्या पुढच्या सगळ्यांना पट्ट्या मिळाल्या तेव्हा तिनं फोनवरून स्वतःचा आवाज त्यात भरून दिला. थोडा वेळ बोललं की यंत्र तो आवाज उचलतं आणि मग हवं ते त्या आवाजात म्हणतं. अक्का पहिल्यांदा ऐकून रडल्या. मग डोळे पुसून पट्टीलाच म्हणाल्या, "जेवलीस का गं बाई?"

आमच्या सावद्याचा उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. सकाळी दहाला उन्हाचा भोंगा होतो, की केळीच्या बागांतली माणसंसुद्धा जाळीखाली जाऊन बसतात. संध्याकाळी तो पुन्हा वाजेपर्यंत रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. दरवर्षी म्हातारी माणसं पटापट जायला लागली, तेव्हा ही पट्टी आली.

करामत मोठी होती, पण सांगायला सोपी आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायची बोटभर रुंदीची रबरी पट्टी. तिच्या पोटाशी मलमलीसारखं पातळ कापड. कापड घाम टिपतं, केसाहून बारीक नळ्यांतून तो वर चढतो, आणि वरचा चिमुकला डोळा त्यातलं मीठ मोजतो. शरीराला पाणी आणि मीठ दोन्ही हवं असतं, पण एकमेकांच्या मापात. पाणी आटलं की घाम खारट होतो. तो खारट झाला की पट्टी म्हणणार, पाणी प्या, मीठ कमी करा. तेच आकडे आरोग्य केंद्रात जातात, आणि ऋजुताच्या फोनवरही.

पट्टी वाटायला आलेल्या नर्सबाईंनी दुसरंही शिकवलं होतं. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडा, पटकन बसते का बघा. जीभ बघा, ओली आहे की कोरडी. लघवीचा रंग बघा. आम्ही सगळ्यांनी एकमेकींना चिमटे काढून भरपूर हसून घेतलं आणि घरी येऊन विसरलो. यंत्र असल्यावर जिभा कोण बघत बसतं?

आमच्या गल्लीत अजून पापड घरी होतात. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. भोंग्याच्या आत उरकायचं. प्रत्येकीनं आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं, आणि जिचे पापड तिनं चहा-पोहे करायचे. पीठ मात्र कुणाचंही असो, भिजवायचं अक्कांनीच. पापडखार आणि मीठ पाण्यात उकळून गार केलेलं, त्याला आम्ही खाराचं पाणी म्हणतो. ते किती घालायचं हे अक्कांच्या हाताला कळतं. उडदाच्या पिठात मनगटापर्यंत हात घालून त्या असं मळतात, की परात आपली जागा सोडते. मग तेल लावून वरवंट्यानं कुटायचं, वळकटी करून दोऱ्यानं लाट्या कापायच्या. लाटणं उरलेल्यांचं. उन्हाळाभर हेच.

त्या सकाळी सरलाबाईंच्या गच्चीवर बसलो होतो. साठीच्या वरच्या बायका जास्त, त्यामुळे पट्ट्याही जास्त, आणि त्या मधूनमधून बोलत होत्या. सरलाबाईंची त्यांच्या मुलाच्या आवाजात बोलायची. मुलगा कॅनडात. "मम्मी, थोडं पाणी घे."

"इथं होता तेव्हा एक पेला भरून दिला नाही मेल्यानं," सरलाबाई म्हणाल्या आणि लाटत राहिल्या.

बेबीताईंनी आवाज भरलाच नव्हता. त्यांची पट्टी सरकारी बोलायची. "कृपया जलप्राशन करावे."

"करते हो साहेब," बेबीताई म्हणायच्या. पाणी काही प्यायच्या नाहीत.

"अक्का, पाणी पी ना गं. आणि मीठ नको हं आज."

अक्का लगेच उठल्या. खाराचे हात नळाखाली धुतले, पट्टीवरूनही पाणी घेतलं, आणि उभ्यानं तांब्या रिकामा केला.

"किती पिता हो अक्का? पोटात विहीर काढली का?" बेबीताईंनी विचारलं.

"लेकरू सांगतंय तर प्यायला काय जातं?" अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुझ्यासारखं नाही. आईचा फोन आला तरी आधी दळण बघणारी."

मी हसले. मला थोडा हेवाही वाटत होता, खोटं कशाला बोलू? 'पाणी प्या, पाणी प्या' करत मी अर्धं आयुष्य या बाईच्या मागे फिरले, तेव्हा मला 'तुझं तू पी' म्हणायच्या.

त्याच दिवशी अक्कांनी सरलाबाईंच्या दुसऱ्या घाण्याच्या खाराच्या पाण्यात मीठ घातलंच नाही. नुसता खार. तळून पाहिला तर पापड साबणासारखा लागला. सरलाबाई भल्या. म्हणाल्या, "होतं हो." पण सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ते पाहणं अक्कांनी पाहिलं.

घरी येताना त्या म्हणाल्या, "उज्ज्वले, डोकं जड झालंय गं. पिठानं भरल्यासारखं."

"उन्हानं असेल," मी म्हणाले, आणि त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. पट्टी म्हणत होती, पाणी. मी पाणी दिलं.

मग एकेक सुरू झालं. ऊठसूट चिडायला लागल्या. जेवणावरची वासना उडाली, ताट बघितलं की मळमळ. त्यातून मीठ बंद, कारण ऋजुता नको म्हणते. बिनमिठाचं वरण चमच्यानं ढवळत बसायच्या. पिंढऱ्यांत वांब यायचे, गोळे धरायचे. चालताना भिंतीला हात लागायला लागला. एकदा मला हाक मारायला गेल्या आणि माझं नावच आठवेना. "ए... ए ही..." म्हणून थांबल्या. मी वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मी पटकन म्हटलं, "ही म्हणजे उज्ज्वला. दुसरी कोण आहे घरात?"

"तेच ते," त्या म्हणाल्या. "एवढं काय नावात."

ऋजुताला सांगावंच लागलं. मग तिचा ऑफिसातला आवाज लागला. वाईट बातमी असली की तिला तोच लागतो.

"आई, अंगातलं पाणी वगैरे मी रोज बघते. पट्टीप्रमाणे तिला पाणी कमीच पडतंय, म्हणजे ती सांगितलं तेवढं पीत नसणार. पण हे विसरणं वेगळं आहे. पुण्यात विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक स्मृतिनिवास आहे. चांगला आहे, बाग आहे. मी जागा धरून ठेवलीय. रविवारी येते मी, तिला घेऊन जाऊ."

"कोण घेऊन जाऊ?"

"आपण."

"आणि मी इथं काय करू?"

"आई, तू एकटी कसं करणार सगळं? उद्या ती गॅस चालू ठेवून निघून गेली तर?"

माझे यजमान हेमराज गेले तेव्हा गल्लीला वाटलं होतं, आता नणंद-भावजयीचं कसं जमणार. आम्हालाही वाटलं होतं. तेव्हापासून आम्ही दोघी रोज भांडत आलो, आणि त्यामुळे घरात कधी शांतता झाली नाही. मी घरभर नजर फिरवली. अक्कांची काठी, अक्कांचा अडकित्ता, अक्कांनी उलटी घातलेली माझी चप्पल. रविवारनंतर हे घर किती नीट राहील, या विचारानंच मला घाम फुटला.

शनिवारी संध्याकाळी अक्का ओट्यावर बसून होत्या. भोंगा वाजून गेला होता, गल्लीत पोरं उतरली होती. अक्का म्हणाल्या, "हेमराज अजून दुकानातून आला नाही?"

हेमराजना जाऊन वर्षं झाली.

"येतील," मी म्हणाले.

"कुल्फी आणेल. तुझ्यासाठी पिस्त्याची." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस, पण मला जरा भीती वाटते गं."

"कशाची?"

त्या विचार करत राहिल्या, आणि कशाची तेही विसरून गेल्या. तेवढ्यात मनगट म्हणालं, "अक्का, पाणी पी ना गं." त्या आज्ञाधारक पोरीसारख्या उठल्या आणि उंबऱ्याला अडखळल्या.

रविवारी आमचे पापड होते. ठरलेलं होतं, मोडायचं कसं? आणि मला वाटलं, पुण्याला जाण्याआधी अक्कांच्या हातचं पीठ एकदा व्हावं. पण सकाळी त्या उठेचनात. एकदा ओकल्या, नुसतं पाणी. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. हात-तोंड पुसताना मी त्यांची पट्टी काढली.

आता पट्टी मनगटावरून निघाली की थोड्या वेळानं ऋजुताच्या फोनवर घंटा होते. पोरगी रात्रीच गाडी घेऊन निघालेली, रस्त्यात असणार. घंटा ऐकून काहीबाही मनात आणायची आणि वेगात चालवायची. म्हणून मी काय केलं, पट्टी माझ्याच मनगटावर चिकटवली. मनगट ते मनगट. पट्टीला काय कळतंय?

गच्चीवर बायका येऊन बसल्या होत्या. "आज पीठ कोण भिजवणार?" सरलाबाईंनी हळूच विचारलं.

"मीच," मी म्हणाले. "बघून बघून शिकलेय, हात कधी लावू दिला नाही म्हणून."

परातीत पीठ घेतलं, मिरं-हिंग घातलं, खाराचं पाणी ओतलं आणि मनगटापर्यंत हात आत घातले. पीठ माझं ऐकेना. अक्कांसाठी परात सरकायची, माझ्यासाठी मीच सरकत होते. बायका हसल्या, मीही हसले. आणि तेवढ्यात पिठाच्या आतून आवाज आला.

"अक्का, अंगात मीठ फार झालंय गं. पाणी पी ना."

मी थांबले. आत्ताच तर तांब्याभर पिऊन वर आले होते. काल रात्रीचं जेवण बिनमिठाचं. अक्कांना एकटीला अळणी नको म्हणून मीही तेच खात होते. माझ्या अंगात मीठ फार कुठून होईल?

"अक्का, आत्ता पी हं. लगेच," परातीतून ऋजुता म्हणाली.

मी हात बाहेर काढला. पट्टी पिठानं माखलेली. तशीच नळाखाली धरली, चांगली चोळली, पुसली. पट्टी पुन्हा तेच म्हणाली. मग मी ती मनगटावरून सोडवली, उलटी केली आणि पोटाशी असलेल्या त्या मलमलीच्या कापडाला जीभ लावली.

"अगं, काय करतेस?" बेबीताई ओरडल्या.

खारट. आणि मीठ संपल्यावर मागे राहते ती खाराची तुरट, साबणी चव.

ते कापड दर आठवड्याला बदलायचं असतं. नवी कापडं डब्यात मिळतात. अक्कांच्या कपाटात तो डबा भरलेलाच होता. एवढं चांगलं कापड फेकून द्यायचं त्यांच्या जिवावर येई, म्हणून त्या जुनंच धुऊन वाळवून परत लावायच्या. उन्हाळाभर, रोज, गल्लीतल्या एकेका घराचं पीठ त्या कापडानं प्यायलं होतं. आणि पट्टी इमानानं मोजत होती. अक्कांचं नव्हे, पापडाचं मीठ.

मी धावत खाली आले.

"अक्का, जीभ दाखवा."

"काय?"

"जीभ, जीभ!"

त्यांनी बाहेर काढली. ओली, चकचकीत. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. तिथल्या तिथे बसली. रात्रीपासून चारदा न्हाणीत नेलं होतं, लघवी नळाच्या पाण्यासारखी. कोरडेपणाची एक खूण त्या बाईच्या अंगावर नव्हती. उलट हे एवढं सगळं पाणी आत शिरलं होतं आणि मीठ आत जातच नव्हतं.

आरोग्य केंद्रात डॉक्टर शबाना तडवी होत्या. यावलच्या, वयानं ऋजुताएवढ्या. मी फोनवर काय काय बोलले मला आठवत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मावशी, ब्लडप्रेशरची गोळी कुठली चालू आहे? लघवी जास्त होते ती?"

"हो."

"आता थेंबभर पाणी देऊ नका. गाडी पाठवते."

रक्ताचा आकडा लगेच आला. सोडियम असायला हवं एकशे पस्तीसच्या पुढे. अक्कांचं होतं एकशे चौदा.

ऋजुता थेट केंद्रातच आली, अजून गाडीची किल्ली हातात. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाकावर बसवून सांगितलं. "रक्तात पाणी फार आणि मीठ कमी झालं, की पाणी पेशींच्या आत शिरतं. पेशी फुगतात. तुम्ही उडीद भिजत घालता ना, तसं. हाताच्या, पायाच्या पेशी फुगल्या तर जागा असते. मेंदू मात्र डब्यात बंद. डब्यात भिजवलेल्या उडदांनी फुगायचं कुठं? म्हणून डोकं जड, मळमळ, चिडचिड, तोल जाणं, नावं विसरणं. अजून उशीर झाला असता तर झटके आले असते, बेशुद्धी आली असती. गोळीनं मीठ बाहेर जात होतं, जेवणातलं बंद, वर पाणी. तिन्हीकडून."

"म्हणजे हा विसरण्याचा आजार नाही?" ऋजुताचा ऑफिसातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"ते आत्ताच लिहून देत नाही. पण मीठ चढू दे, मग बघू. सावकाश चढवायचं हं, घाई केली तर मेंदूला इजा होते. आज थोडं, उद्या थोडं."

"पट्टी खोटं बोलली," मी म्हणाले.

"नाही ना मावशी. मीठ तिच्यावर होतंच. कुठलं मीठ, हे तिला कळत नाही. आम्ही इथं बसून आकडे बघत होतो, सावद्यात ऊन आहे म्हणून आम्हालाही पटलं. जीभ बघायला कोणी गेलं नाही. मीही नाही." आणि त्या बाटलीचे थेंब मोजायला उठून गेल्या.

ऋजुता भिंतीला टेकून रडली. "माझ्या आवाजात सांगत होती ती, आई. मीच तिला पाजत होते."

"तुझ्या आवाजात होती म्हणून ती प्यायली," मी म्हणाले. "बेबीताईंच्या साहेबांनी सांगितलं असतं तर एक घोट प्यायली नसती. आता डोळे पूस. तिला दिसलं तर मलाच बोलेल, पोरीला रडवलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी डोळे उघडून खोलीभर पाहिलं. ऋजुतावर नजर थांबली. "वाळलीस," म्हणाल्या. मग माझ्याकडे.

"उज्ज्वले," त्या म्हणाल्या, "पीठ कुणी भिजवलं?"

"मी."

"मग गेलं असेल वाया."

माझ्या डोळ्यांना धार लागली. इतकं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.

"पाणी दे," अक्का म्हणाल्या.

"नाही," ऋजुता आणि मी एकदम म्हणालो.

"बघा! उन्हाळाभर पोट फुटेपर्यंत पाजलं, आता घोटभर मागते तर माझंच घर मला नाही म्हणतंय!" पलीकडच्या खाटेवरची बाई हसायला लागली. अक्कांनी तिलाही पाच मिनिटांत सगळी हकीगत सांगितली, नावानिशी. एक नाव चुकलं नाही. दारात उभ्या डॉक्टर तडवींनी ते ऐकलं आणि मला अंगठा दाखवला. गोळी त्यांनी बदलून दिली. ऋजुतानं बाहेर जाऊन पुण्याला फोन केला, आणि धरून ठेवलेली जागा सोडून दिली.

घरी आल्यावर प्रश्न उरला पट्टीचा. ऊन काही कमी होणार नव्हतं, आणि पट्टी पुष्कळांचा जीव वाचवते हेही खरंच. ऋजुतानं नवं कापड घातलं आणि ती अक्कांच्या दंडावर, पोलक्याच्या बाहीच्या आत चिकटवली. तिथं पीठ पोचत नाही.

"पण माझा आवाज काढून टाकते," ती म्हणाली. "सरकारी राहू दे."

"तो साहेब नको," अक्का म्हणाल्या. "उज्ज्वलेचा घाल."

मला वाटलं, हिला परत काहीतरी झालं. "माझा? माझं ऐकणार आहात का?"

"छे. तुझं कोण ऐकतंय?" अक्का अडकित्ता शोधत म्हणाल्या. "लेकरानं सांगितलं की मला नाही म्हणवत नाही. तू सांगितलंस की आधी भांडावंसं वाटतं. तेवढ्यात कळतं तरी, खरंच तहान लागलीय का."

ऋजुता तोंड वळवून हसत होती. मी फोन हातात घेऊन माझा आवाज भरायला बसले. काय बोलू सुचेना, तर अक्का म्हणाल्या, "रोजचं बोल. दळण, गॅस, माझ्या कागाळ्या."

आमचे राहिलेले पापड पुढच्या आठवड्यात झाले. सगळ्या आल्या. अक्का परातीपुढे बसल्या, बाह्या सावरल्या, खाराच्या पाण्यात हात घातले. परातीनं जागा सोडली. मी पलीकडे लाट्या कापत होते.

"अक्का, पाणी प्या," त्यांच्या बाहीतून मी म्हणाले. माझा आवाज इतका चिरका आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"तू पी," अक्का बाहीला म्हणाल्या.

मग मळायचे थांबल्या. सगळ्या बायकांच्या देखत माझ्याकडे वळल्या, आणि चिमुरड्या पोरीसारखी लांबच लांब जीभ बाहेर काढली.

मी हातातला दोरा खाली ठेवला, पुढे वाकले, आणि नीट निरखून पाहिली.

"कोरडी आहे," मी म्हणाले. "अर्धाच पेला देते."

"आण," अक्का म्हणाल्या.